जागेपुरती भूल

टोमॅटोच्या पानाला वास आला नाही, इतकंच झालं होतं. वीस दिवसांपूर्वी, सोमवारी, सकाळी साडेसहाला, दवाखान्यात निघायच्या आधी. तिने दाराजवळच्या ओळीतल्या एका रोपाचं पान नेहमीसारखं अंगठा आणि बोट यांच्यात हलकेच चोळलं, बोटं नाकाशी नेली, आणि तिथे काहीच नव्हतं. ओल्या कोकोपीटचा, म्हणजे काथ्याच्या भुशाचा, मातकट वास होता, हाताला लागलेल्या साबणाचा होता, पण टोमॅटोचा तो हिरवा, उग्र, जरासा रॉकेलच्या अंगाने जाणारा वास, जो एकदा बोटांना लागला की दोनदा हात धुतल्याशिवाय सुटत नाही, तो नव्हता. तिने दुसरं पान चोळलं. मग तिसरं. पहिला विचार आला तो असा की नाक गेलं. आणि नाक गेलं म्हणजे काय, हे तिला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं, कारण आईचंही आधी नाकच गेलं होतं, डोकं नंतर. दूध करपून पातेल्याचा तळ काळा झाला तरी आई शेजारी शांतपणे उभी होती. मग दुसरा विचार आला, तो पहिल्यापेक्षा वाईट. तिने कपाळावरचा चष्मा खाली ओढला, वाकली आणि पानाकडे नीट पाहिलं. पान टोमॅटोचं नव्हतंच. कातरलेल्या कडा नव्हत्या, लव नव्हती. गुळगुळीत, अखंड, चकचकीत पान. ढोबळी मिरची. आणि समोर, बाकड्याच्या कडेला चिकटवलेल्या पांढऱ्या पट्टीवर, तिच्याच अक्षरात लिहिलं होतं:

टोमॅटो. पेरले १२ ता. स. ८. सही.

शंभर.

ती भूल देणारी डॉक्टर होती. पस्तीस वर्षं तिने लोकांना झोपवलं होतं, आणि ती नेहमी म्हणे त्याप्रमाणे त्यातलं कठीण काम झोपवण्याचं नव्हतं, उठवण्याचं होतं. नवरा शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला. त्यांना सगळं घर मास्तरच म्हणे, तीही. लग्नाच्या पहिल्याच वर्षी, ती अजून शिकत असतानाच, मास्तरांनी पाहुण्यांना सांगायला सुरुवात केली की आमच्या दोघांच्या धंद्यात एका 'गो'चा काय तो फरक, हिची भूल आणि माझा भूगोल. आणि गेली अडतीस वर्षं तो विनोद नव्या पाहुण्याची वाट बघत घरात बसून होता. तिच्या एका दिरांनी तर कुठल्याशा समारंभात तिची ओळख 'चुकांमधली तज्ज्ञ' अशी करून दिली होती. ती हसली होती. हसायला तिचं काही जात नव्हतं, कारण चुकीला तिने कधी उंबऱ्याच्या आत घेतलंच नव्हतं. पूर्ण भूल असो, नाहीतर जागेपुरती, जिच्यात माणूस टक्क जागा असतो आणि हात किंवा पाय तेवढा बधिर होतो, तिच्या हाताशी असलेल्या प्रत्येक सिरिंजला पांढरी चिकटपट्टी असायची आणि पट्टीवर औषध, मात्रा, वेळ, सही. मिनिटापूर्वी स्वतः भरलेली सिरिंजसुद्धा पट्टीशिवाय दिसली की ती फेकून द्यायची. आठवत नाही का मॅडम, असं नव्या मुली विचारायच्या. ती म्हणायची, आठवतंय ना, म्हणून तर फेकते. ही शिस्त तिला नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वयस्क सिस्टरने लावली होती, एकाच वाक्यात, आणि ते वाक्य नेमकं काय होतं हे गेले वीस दिवस तिला आठवत नव्हतं. अर्थ आठवत होता. सिस्टरच्या नाकावरचा तीळ आठवत होता. वाक्य नाही.

त्र्याण्णव. शहाऐंशी.

आता रविवार होता, सकाळचे साडेनऊ, आणि ती बोगद्यात उभी राहून कुंड्या भरत होती. बोगदा म्हणजे घरामागच्या चिंचोळ्या पट्टीत, पाईपांच्या सात कमानींवर जाड प्लास्टिक ताणून दोघांनी उभा केलेला. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला भिंत, दोन्ही अंगांना गुंडाळून वर घेता येणारे पडदे. डाव्या हाताला लांबलचक बाकडं आणि त्यावर रोपांचे ट्रे, उजव्या हाताला जमिनीत काकडी, दोऱ्यावर चढवलेली, पलीकडे पुदिना आणि अजमोदा, आणि अगदी भिंतीजवळ, टांगलेल्या नळ्यांमध्ये, दरवर्षी सहा-सात फळं देऊन आपण फार काही केलं असा आव आणणाऱ्या स्ट्रॉबेऱ्या. आत बाहेरच्यापेक्षा दोन महिने पुढचा ऋतू असायचा, म्हणून मास्तर त्याला कर्कवृत्त म्हणत. कर्कवृत्तावर जाऊन येते, असं तीही मग म्हणायला लागली. मास्तरांना मात्र तिथे प्रवेश नव्हता. मागच्या साली ती दोन दिवस बाहेर असताना त्यांनी रोपांना थंडी वाजेल म्हणून भर उन्हात दोन्ही पडदे खाली सोडले होते आणि एका दुपारात चौदा काकडीचे वेल उभेच्या उभे शिजवले होते. तेव्हापासून वारा सुटला तर पडदा ओढायचा, एवढीच त्यांची मर्यादा; तेही दारातून हात लांबवून.

कुंडी भरताना ती मोजत होती. शंभरातून सात घालवायचे, उरलेल्यातून पुन्हा सात, असं करत खाली यायचं. विसरभोळेपणा तपासणारे डॉक्टर हेच करायला लावतात, आणि आईला लावलं तेव्हा ती शेजारच्या खुर्चीत बसून होती. आईने शंभर म्हटलं होतं, त्र्याण्णव म्हटलं होतं, आणि मग डॉक्टरांकडे बघून फार गोड हसली होती. इतक्या वर्षांत तिने हजारो लोकांना उलटे आकडे म्हणायला लावले होते, तोंडावर मास्क ठेवून, म्हणा हळूहळू, आणि बहुतेकजण पाच-सहा आकड्यांत नाहीसे व्हायचे, एक सुतार मात्र एकदा ऐंशीपर्यंत गेला होता आणि वर म्हणाला होता, बाई, तुमचं औषध पातळ आहे. आता ती स्वतःलाच म्हणायला लावत होती. रोज सकाळी, बोगद्यात, रोपांसमोर.

एकोणऐंशी.

हा आकडा तिला आवडत नव्हता. ऐंशीला एक कमी, असं नाव. आपल्याकडे किती आहे ते सांगायच्या ऐवजी काय हुकलं ते सांगणारा आकडा. आईच्या स्वयंपाकघरातल्या चिठ्ठ्या तशाच होत्या. आधी बरण्यांवर लागल्या, मीठ, साखर, चहा; आई फार टापटिपीची, म्हणून कुणाला काही वाटलं नाही, उलट मास्तरांनी कौतुक केलं, बघ, तुझी शिस्त कुठून आली. मग चिठ्ठ्या कपाटांवर गेल्या, मग दिव्यांच्या बटणांवर. गॅस बंद. नळ बंद. मग एका सुट्टीत ती माहेरी गेली आणि चहात मीठ निघालं. चिठ्ठी बरोबर होती, अक्षर सुरेख होतं, साखर असं लिहिलेल्या बरणीत साखरेइतकंच पांढरं मीठ होतं. आईच्या हाताने लिहिलं एक होतं आणि भरलं भलतंच होतं. आई म्हणाली, मी स्वतः भरली. तिला अगदी स्पष्ट आठवत होतं. कुठल्या पुडीतून, कुठल्या चमच्याने, खिडकीतून ऊन कसं येत होतं, सगळं. खोटं आठवतं तेव्हा माणूस अडखळत नाही, हे तिने त्या दिवशी पाहिलं होतं. नंतर आई तिला सिस्टर म्हणायला लागली, आणि ती वाईट वाटून घ्यायच्या ऐवजी नाडी बघायला लागली, कारण सिस्टरने दुसरं काय करायचं.

बहात्तर. पासष्ट.

म्हणजे तिला पेरणी आठवत होती यातच सगळं भय होतं. बारा तारीख, सकाळचे आठ. कोरा ट्रे, चार ओळी, प्रत्येक ओळीत आठ कप्पे, पुढून मागे. दाराकडून टोमॅटो, मग वांगं, मग तिखट मिरची, मग ढोबळी. टोमॅटो दाराशी, कारण त्याला वारा लागतो. पाकिटं तिने त्याच क्रमाने मांडीवर ठेवली होती. प्रत्येक कप्प्यात दोन बिया, वर बोटाच्या पेराएवढंही नाही असं कोकोपीट, फवारा. ओल्या ट्रेला चिकटपट्टी टिकत नाही म्हणून पट्ट्या बाकड्याच्या कडेवर, ओळीसमोर एकेक. ही चारही एकाच कुळातली. पहिली दोन पानं सगळ्यांची सारखीच, बारीक, टोकदार, भावंडांचे लहानपणचे फोटो असतात तशी. खरी पानं आली की मग कळतं कोण कुणावर गेलंय. खरी पानं आली आणि कळलं. टोमॅटोच्या पट्टीमागे ढोबळी. वांग्याच्या मागे तिखट मिरची. तिखट मिरचीच्या मागे वांगं. ढोबळीच्या मागे टोमॅटो, आणि त्याचा वास पहिल्याच पानाला भसकन आला. नाक शाबूत होतं. म्हणजे डोकं. हाताने लिहिलं एक आणि पेरलं भलतंच. शिवाय मागच्या कडेचा, प्लास्टिककडचा एकेक कप्पा चारही ओळींत रिकामा होता, उगवणच नाही. तोही तिने आपल्याच खाती टाकला. तिथे बी घातलंच नसणार. तिथपर्यंत पोचेपर्यंत आपण काय करतोय हेच आपण विसरलो असणार.

चुकीच्या नावाची सिरिंज फेकायची असते. तिने ट्रे फेकला नाही. हातसुद्धा लावला नाही, पट्ट्यासुद्धा बदलल्या नाहीत. पुरावा जागच्या जागी ठेवावा तसं रोज पाणी घातलं आणि रोज येऊन वास घेतला, डोळे मिटून, चारही ओळींचा, आज तरी वेगळं काही निघेल म्हणून. मास्तरांना सांगितलं नाही. सांगितलं की खरं होईल असं तिला वाटत होतं.

अठ्ठावन्न. एक्कावन्न.

पण मास्तरांच्या लक्षात आलं होतं. हे तिला आठच दिवसांत कळलं. ते तिच्यामागून जाऊन गॅसचं बटण बघत. पेपर वाचता वाचता सहज विचारावं तसं विचारत, आज वार कोणता गं. आणि अडतीस वर्षं तारखा तोंडपाठ असलेल्या माणसाने वार विचारावा याचा अर्थ न कळण्याइतकी ती अजून गेली नव्हती. काल भाजी कुठून आणली आपण? त्या वरच्या मजल्यावरच्या बाईंचं आडनाव काय? उत्तर बरोबर आलं की त्यांचे खांदे किंचित खाली यायचे. लेक दुसऱ्या गावी. एरवी आठवड्याला फोन करणारी ती आता रोज करायला लागली, तोंड दाखवून, आणि मध्येच म्हणायची, आई, परवा मी तुला काय सांगितलं होतं सांग बरं. बापाकडूनच हे गेलं असणार. दोघांनी मिळून तिला मास्क लावला होता आणि आकडे म्हणायला लावले होते. ती उत्तरं देत होती, एकही चुकत नव्हती, आणि प्रत्येक बरोबर उत्तराबरोबर तिला जास्तच भीती वाटत होती, कारण ज्याची परीक्षा घेतात त्याचं काहीतरी बिघडलेलं असतंच.

सकाळी चहाच्या वेळी तिने ठरवून टाकलं होतं. निवृत्तीनंतरही सोमवारी आणि गुरुवारी ती एका लहान दवाखान्यात भूल द्यायला जायची. तिथला सर्जन तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, टाके इतके बारीक घालायचा की सिस्टर त्याला शिंपी म्हणत. उद्याच्या यादीत चारजण होते. पहिला तोच सुतार, ऐंशीपर्यंत गेलेला; या वेळी पटाशीने तळहाताची शीर तुटली होती. त्याला जागेपुरती भूल द्यायची, खांद्याजवळ एकच सुई, हात तेवढा झोपेल. शुक्रवारी तो तपासायला आला तेव्हा त्याने विचारलं होतं, बाई, तुम्हीच असाल ना? माझं सगळं या हातावर आहे. ती हो म्हणाली होती. त्या हाताला ती चुकीची सिरिंज टोचेल. टोचणार नाही कदाचित. पण कदाचित हा शब्द तिथे चालत नाही. म्हणून अकराच्या आत शिंप्याला फोन करून सांगायचं, उद्यापासून दुसरं कुणी बघ. कारण काय सांगायचं ते अजून ठरलं नव्हतं. गुडघे, असं काहीतरी. कारण सांगून झालं की मग मास्तरांना. आणि मग पुढची वीस काय, चार काय, जी असतील ती वर्षं सगळ्यांच्या गोड हसण्यात काढायची.

चव्वेचाळीस. सदतीस. तीस.

घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. कुंड्या भरून झाल्या होत्या, बत्तीसाच्या हिशेबाने, जरी रोपं अठ्ठावीसच होती. कुंड्यांवर आता खरी नावं लिहायची, म्हणजे पट्टीवरची नाही, पानावरची. तिने कानामागची पेन्सिल काढली आणि ती ओल्या बोटांतून निसटली, बाकड्यावर आपटली, आणि घरंगळत खाली गेली. ही पेन्सिल जाऊ द्यावी असं तिला वाटलं. आजच्या दिवशी वाकायचं त्राण नव्हतं. पण दवाखान्यात खाली पडलेली वस्तू कधी तशीच ठेवायची नाही, कुणाचा तरी पाय पडतो. तेव्हा ती एक हात बाकड्यावर टेकून गुडघ्यांवर बसली, डोकं खाली घातलं, आणि बाकड्याखालच्या त्या निळसर उजेडात पेन्सिलीच्या पलीकडे काहीतरी उभं होतं.

तेवीस.

रोपं होती. बाकड्याखाली, पुढच्या कडेपासून आत वीतभर, कोकोपीटचे चार छोटे ढीग, पायाने आत सारल्यासारखे, आणि प्रत्येक ढिगात रोप. उजेड पुरत नाही म्हणून लांबट वाढलेली, फिकट, प्लास्टिकच्या बाजूला माना वळवलेली, वरच्या ट्रेतून ठिबकणाऱ्या पाण्यावर जगलेली. ती पोटावर झोपल्यासारखी आडवी झाली. दाराकडचं पहिलं: कातरलेली पानं, देठावर लव. तिने हात लांबवून चोळलं, बोटं नाकाशी आणली. रॉकेल. दुसऱ्या ढिगात दोन होती, पानं जाड, मऊ, जांभळट शिरा. वांगं. तिसरं अरुंद, टोकदार, तिखट मिरची. चौथं रुंद, चकचकीत. दाराकडून टोमॅटो, वांगं, तिखट मिरची, ढोबळी.

सोळा.

ती तशीच पडून राहिली. गालाला जमिनीची ओल लागत होती आणि ती लागू दिली. हे कुणीही इथे पेरलं नव्हतं, कुणी नाव लिहिलं नव्हतं, आणि तरी ते तिच्या आठवणीतल्या क्रमाने, एकामागे एक, उभं होतं. पुढच्या कडेचे चार कप्पे. ट्रे पुढे कलंडला की काठावरचे चार कप्पेच रिकामे होणार, आणि ते जिथल्या तिथे, खाली पडणार. आणि मग कुणीतरी तो ट्रे उचलून परत ठेवला तर. आणि ठेवताना तो. तिला त्या क्षणी सिस्टरच्या नाकावरचा तीळ दिसला, आणि तिळाखालचं तोंड दिसलं, आणि वाक्य आलं, काही न करता, झोपेतून माणूस उठावा तसं. नोकरीचं पहिलं वर्ष. तेव्हा ती पट्ट्या सिरिंजना लावत नव्हती, स्टीलच्या ताटलीच्या कडेला लावायची, डावीकडे हे, उजवीकडे ते. कुणीतरी गडबडीत ताटली उचलून पुसली, सिरिंजा परत ठेवल्या. सुई कातडीला टेकणार इतक्यात सिस्टरने तिचं मनगट धरलं आणि शांतपणे म्हणाली, पोरी, नाव वस्तूला लावावं, जागेला नाही. जागा फिरते.

"मास्तर," तिने हाक मारली. आवाज बाकड्याखालून आला म्हणून तो वेगळाच लागला असावा, कारण मास्तर धावत आले, आणि प्रवेशबंदी विसरून थेट आत शिरले, आणि ती जमिनीवर आडवी पडलेली पाहून कमानीचा पाईप धरून उभेच राहिले. तिने आधी सांगून टाकलं की मी पडलेली नाही, झोपले आहे, म्हणजे झोपलेलीही नाही, बघते आहे. मग विचारलं.

"हा ट्रे कुणी पाडला?"

शाळेत खडू फेकणाऱ्या मुलाला उभं केलं की तो जसा फळ्याकडे बघतो तसे मास्तर काकडीकडे बघत राहिले. मग हळूच, गुडघे मोडत, तिच्याशेजारी जमिनीवर बसले, आणि सगळं सांगितलं. चौदा तारीख, गुरुवार, ती दवाखान्यात. वारा सुटला. दारातून हात पुरेना म्हणून ते आत आले, पडदा ओढला, वळले, आणि कोपर लागलं. ट्रे पुढच्या अंगावर खाली आला, एक कोपरा तडकला. बाकीचे कप्पे ओले असल्यामुळे जागचे हलले नाहीत. जे सांडलं ते त्यांनी चपलेने आत सारलं आणि ट्रे उचलून जागेवर ठेवला. तडकलेला कोपरा मात्र दिसू नये म्हणून मागच्या बाजूला करून ठेवला.

"म्हणजे फिरवून," ती म्हणाली.

"फिरवून म्हणजे, कोपरा मागे करून."

"तेच ते. मग सांगितलं का नाहीत?"

त्यांनी सांगितलं की पहिल्या दिवशी भीती वाटली, काकड्यांचं प्रकरण अजून ताजं होतं. तिला संध्याकाळी कळेलच असं ते धरून चालले होते. तिला कळतं. पंखा अर्धा आकडा इकडचा तिकडे झाला तरी तिला कळतं. संध्याकाळी ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्याने नाही. मग एक दिवस त्यांनी खिडकीतून पाहिलं तर ती त्या ट्रेसमोर डोळे मिटून उभी होती आणि पुन्हा पुन्हा बोटांचा वास घेत होती, आणि ओठ हलत होते. तिच्या आईसारखी.

"मग मी लेकीला फोन केला," मास्तर म्हणाले. "आणि तुला सांगायचं धाडस गेलंच. मी म्हणणार, मी ट्रे पाडला. आणि तू म्हणाली असतीस, कुठला ट्रे? तर मी काय केलं असतं?"

नऊ.

ती हसायला लागली. आधी नुसती पोटात, मग आवाज करून, बाकड्याखाली अर्धी आणि बाहेर अर्धी अशी, आणि तिच्या हसण्याने वरच्या ट्रेतून पाणी ठिबकून तिच्या मानेवर पडलं तरी थांबेना. वीस दिवस ती गप्प राहिली म्हणून यांना वाटलं ती गेली. आणि वीस दिवस हे तिच्याकडे बघत राहिले म्हणून तिला वाटलं ती गेली. वार विचारत होते. आडनावं विचारत होते. तिने ते सगळं त्यांना सांगितलं, आई, मीठ, सुतार, अकराचा फोन, तुकड्या-तुकड्यांत, कोण कुठे बसलंय याची फिकीर न करता, आणि मास्तर ऐकता ऐकता चष्मा काढून सदऱ्याला पुसायला लागले, आणि पुसतच राहिले. उद्या काय होईल ते तिला माहीत नव्हतं. आईची मुलगी ती होतीच. कधीतरी खरंच चहात मीठ निघेल, आणि तेव्हा बाकड्याखाली असं काही उगवलेलं नसेल. पण ते आज नव्हतं. आज बोटांना टोमॅटोचा वास होता आणि तो दोनदा हात धुतल्याशिवाय जाणार नव्हता.

फोन वाजला तो शिंप्याचा होता. तिचे हात मातीचे, म्हणून मास्तरांनी तो तिच्या कानाशी धरला. शिंपी सांगत होता की सुतार दोनदा चौकशी करून गेला, आणि त्याला शीर जोडताना आपला हात बघायचा आहे, मधला पडदा लावू नका म्हणतो. ती म्हणाली की लावू नकोस, बघू दे त्याला, आणि मी साडेसातलाच येते, सिरिंजा मला माझ्या हाताने भरायच्या आहेत.

मग ती उठली. मास्तरांनी विचारलं, आता पट्ट्या बदलायच्या ना. ती नको म्हणाली. तिने ट्रे दोन्ही हातांनी उचलला, हवेतच अर्धा फिरवला, आणि परत ठेवला. टोमॅटोमागे टोमॅटो आले. वांग्यामागे वांगं, तिखटामागे तिखट, ढोबळीमागे ढोबळी. चार रिकामे कप्पे पुढच्या कडेला, आपल्या जागी आले. मास्तर म्हणाले की म्हणजे नकाशा सगळा बरोबर होता, मी जमीनच उलटी ठेवली. आणि हे भूगोलाच्या माणसाने. ती म्हणाली की चिठ्ठी बाकड्याला लावली ही माझी चूक, आणि हे भूल देणाऱ्या बाईने. मग चमच्याने खालची चार रोपं, वांग्याचं दोनातलं एक, मुळांसकट उचलून तिने त्या चार कप्प्यांत बसवली. फिकट, लांब मानेची. बाकीच्यांच्या रांगेत ती आजारातून उठून पहिल्यांदाच वर्गात आलेल्या मुलांसारखी दिसत होती. पट्ट्या बाकड्यावरून सोडवून, ट्रे कोरड्या फडक्याने पुसून, ट्रेलाच लावल्या.

दोन.

राहिला तडकलेला कोपरा. तोही आता पुढे आला होता, दारातून शिरणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल असा. मास्तर तो बोटाने झाकायला बघत होते. तिने त्यांचं बोट बाजूला केलं, चिकटपट्टीचा एक तुकडा फाडून तडकीवर आडवा दाबला, आणि दवाखान्यातल्या कागदावर पस्तीस वर्षं जिथे सही केली त्या ओळीसारखं त्यावर लिहिलं, भूल: दोघांची. तारीख घातली. मास्तरांनी चष्मा वर करून, पट्टीला नाक लागेल इतकं वाकून ते वाचलं.

"पूर्ण," त्यांनी विचारलं, "की जागेपुरती?"

तिने ट्रेकडे पाहिलं, मग बाकड्याखाली उरलेल्या चार ओल्या खुणांकडे, मग पेन्सिल पुन्हा टेकवली.

"जागेपुरती," ती म्हणाली, आणि तेही लिहिलं.